इशारा पातळी चाळीस फूट : एका दिवाणजीचं प्रकरण

मार्च म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा भर हंगाम. त्या महिन्यात अडत दुकानातला दिवाणजी कामाच्या दिवशी दुपारी सल्ला घ्यायला येतो, याचा अर्थ प्रकरण बरंच पुढं गेलेलं असतं. २०२४ च्या मार्चमध्ये हे गृहस्थ पत्नीबरोबर आले. बोलल्या पत्नीच.

वय ३८, शिक्षण बी.कॉम., बऱ्याच वर्षांपासून एकाच दुकानात नोकरी. घरी पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि आई. त्यांना ऑटिझम (स्वमग्नता) आहे हे पुढं कळलं, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नावही देत नाही, दुकानात सगळे म्हणतात तसं त्यांना दिवाणजीच म्हणतो.

पत्नीचं म्हणणं असं : "घरी आले की एक शब्द बोलत नाहीत. मुलगी रडायला लागली की बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावतात. परवा कुकरची शिट्टी झाली आणि हातातलं ताट भिंतीवर फेकलं. कुणावर हात उगारत नाहीत, तसं खोटं बोलणार नाही. पण मला आता भीती वाटायला लागलीय."

दिवाणजींना विचारलं, तुमचं काय म्हणणं? बराच वेळ टेबलाच्या कडेकडं बघून ते म्हणाले, "हिशोब चुकायलाय."

एवढीच त्यांची तक्रार होती. ती किती मोठी आहे हे मला पुढच्या दोन-तीन भेटींत कळत गेलं. लॉटचं वजन, दर, हमाली, तोलाई धरून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशोब, हा माणूस तोंडी करायचा आणि मग कागदावर फक्त उतरवायचा. हंगामात दिवसाला कितीतरी पट्ट्या. त्यातली एक चुकली, मग दुसरी. तिसऱ्या वेळी शेतकऱ्यानंच चूक दाखवली. त्या रात्री ते झोपले नाहीत.

आधी काय काय झालं होतं

नैराश्याच्या गोळ्या त्यांना आधीच सुरू होत्या आणि त्यांनी झोप थोडी सुधारली होती. सल्ले मात्र पोत्यानं मिळाले होते. लोकांत मिसळा, सकाळी फिरायला जा, राग आला की दहा आकडे मोजा, डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्या. शेवटचा सल्ला त्यांनी मनापासून पाळला होता. "श्वासाकडं बघायला लागलो की श्वासच अडकतोय. मग छातीत धडधड सुरू." त्यावर त्यांना सांगितलं गेलं की सराव कमी पडतोय.

बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना शरीराच्या आतल्या खुणा, म्हणजे भूक, तहान, धडधड, थकवा, एकतर फार मंद जाणवतात नाहीतर फार मोठ्यानं. अशा माणसाला आत बघायला सांगितलं तर त्याला तिथं काहीच सापडत नाही किंवा नको तेवढं सापडतं. त्याला घड्याळ आणि कागद जास्त उपयोगी पडतात. श्वासाच्या व्यायामाबद्दल माझं काही वाकडं नाही, पण तो सर्वांना सरसकट वाटायचा प्रसाद नाही.

जिवाला धोका आहे का हे पहिल्याच भेटीत सरळ शब्दांत विचारलं. अशा माणसाला आडवळणानं विचारून चालत नाही. "मनात वाईट विचार येतात का?" या प्रश्नावर ते म्हणाले, "वाईट म्हणजे कुठले?" मग विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" तर म्हणाले, "मरावं असं नाही. सकाळी उठूच नये असं वाटतं." योजना नव्हती, पण वाक्य हलकं घेण्यासारखंही नव्हतं. ते मानसोपचारतज्ज्ञांना कळवलं, पत्नीला विश्वासात घेतलं आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्या मोबाईलमध्ये भरून दिला. फोनवर बोलणं हाच दिवाणजींचा त्रास, त्यामुळं "गरज पडली तर फोन तुम्ही लावायचा" असं पत्नीशी ठरलं.

लहानपण

प्रौढ वयात ऑटिझम ओळखायचा तर रक्ताची तपासणी नाही की डोक्याचा स्कॅन नाही. लहानपणापासूनचा इतिहास आणि आज समोर दिसणारं वागणं, एवढ्यावरच निदान उभं राहतं. सुदैवानं आई होत्या आणि त्यांची स्मरणशक्ती लेकासारखीच लख्ख.

"उशिरा बोलला नाही, उलट लवकर बोलला. पण पेपर वाचल्यासारखं बोलायचा. पोरांत खेळायचा नाही. लोकरीचा स्वेटर घातला की ओरडायचा, शेवटी मी आतून धोतराचं मऊ अस्तर लावून द्यायची. लग्नाकार्यात बँड लागला की ह्याला शोधायला लागायचं, कुठंतरी पलंगाखाली मिळायचा." आणि मग थोड्या अभिमानानं : "पाऊस लागला की वहीत पुलाचं पाणी लिहून ठेवायचा. अजून लिहितो."

हे पुलाचं पाणी पुढं फार कामाला आलं, त्याकडं येतोच.

निदानाचे निकष २०१३ मध्ये बदलले. अॅस्पर्गरसारख्या निदानांच्या वेगवेगळ्या खोल्या मोडून एकच ऑटिझम स्पेक्ट्रम झाला आणि आवाज, स्पर्श, वास, प्रकाश यांची टोकाची जाणीव पहिल्यांदाच निकषांत आली. आणखी एक वाक्य त्यात आहे, ते प्रौढांसाठी महत्त्वाचं : लक्षणं लहानपणी असावी लागतात, पण परिस्थितीचा भार वाढेपर्यंत ती उघड न होता राहू शकतात, किंवा शिकलेल्या युक्त्यांखाली झाकली जाऊ शकतात. दिवाणजींनी कॉलेजात असताना एका मित्राचं हसणं, हात करणं, "काय म्हणतोस" म्हणायची ढब ठरवून उचलली होती. आरशासमोर तालीम केली होती. ती ते इतकी वर्षं दुकानात वापरत होते. संध्याकाळपर्यंत गाल दुखायचे.

मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून ऑटिझमचं निदान पक्कं केलं, सोबत नैराश्य.

मग आत्ताच का?

हा प्रश्न शेठनीही विचारला आणि तो रास्त होता. इतकी वर्षं ज्याचं बिनबोभाट चाललं त्याला आत्ताच काय झालं?

तीन गोष्टी थोड्या वर्षांत एकावर एक पडल्या होत्या. घर गावभागात होतं. २०१९ च्या महापुरात पाणी शिरलं, २०२१ मध्ये पुन्हा शिरलं, मग विश्रामबागेकडं रस्त्यालगत भाड्याचा फ्लॅट घेतला. जुन्या घराच्या जाड भिंती गेल्या, खिडकीखाली रात्रभर वाहनं आली. मुलगी झाली. लाडकी आहे, पण लहान मूल म्हणजे कधी रडेल ते सांगता येत नाही, आणि अचानक येणारा आवाज हाच त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. तिसरी गोष्ट दुकानातली. हिशोब संगणकावर गेला आणि शेठनी खुशीनं त्यांना बढती दिली : आतली पेढी सोडून आता पुढच्या गल्ल्यावर बसायचं, शेतकऱ्यांशी आणि खरेदीदारांशी बोलायचं. पगार वाढला. माणूस तिथंच संपत गेला.

सौद्याच्या वेळी अडतीवर उभं राहिलेल्यांना सांगायला नको. हळकुंडाचे, गड्ड्याचे, कणीचे ढीग, बोली ओरडणारे, हमालांची हाळी, ट्रकचा रिव्हर्सचा भोंगा, हवेत पिवळी धूळ, आणि त्यातच "दिवाणजी, माझी पट्टी?" म्हणून बाहीला हात लावून विचारणारे चौघं. आपल्याला हा गजबजाट म्हणून ऐकू येतो. त्यांना प्रत्येक आवाज वेगळा, पूर्ण आणि सारख्याच जोरात ऐकू येत होता.

डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ऑटिस्टिक प्रौढांच्या मुलाखतींवरून या अवस्थेचं, म्हणजे 'ऑटिस्टिक बर्नआउट'चं, वर्णन केलं. तीन महिने किंवा जास्त टिकणारा खोल थकवा, आधी येत असलेली कौशल्यं हरवणं, आवाज-प्रकाश सोसण्याची ताकद घटणं. त्यामागचं कारणही त्या मुलाखतींतूनच आलं : आयुष्यातला ताण साठत जातो, मागण्या कुवतीपुढं जातात आणि पुरेसा आधार मिळत नाही. "हिशोब चुकायलाय" ही तक्रार यात जशीच्या तशी बसते. हे नैराश्यासारखं दिसतं आणि त्याच्याबरोबर राहूही शकतं, पण उपाय वेगळे पडतात. नैराश्यात माणसाला हळूहळू कामाला लावायचं असतं. इथं आधी ओझं उतरवायचं. थकलेल्या ऑटिस्टिक माणसाला "लोकांत मिसळा" सांगणं म्हणजे ज्यानं आजारी पडला त्याचाच डोस वाढवणं.

फुटांत मोजलेला ताण

ताण एक ते दहात किती, असं मी विचारलं की त्यांच्याकडं उत्तर नसायचं. भावना ओळखून तिला नाव देणं बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना अवघड जातं. तेव्हा मोजपट्टी त्यांनीच काढली. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची.

सांगलीकराला हे आकडे पाठ असतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. दिवाणजींकडं २००५ च्या पुरापासूनच्या वह्या आहेत, कोयनेचा विसर्ग आणि पुलाची पातळी, रोज. ते म्हणाले, "कोयनेतनं पाणी सोडलं की लगेच सांगलीत चढत नाही. वाटेत वेळ जातो, कधी दुसरा दिवस उजाडतो. इथं पाणी चढलेलं दिसतं तेव्हा वरचं काम आदल्या दिवशीच झालेलं असतंय."

मग त्यांनी वहीत रोज तीन-चार वेळा फूट लिहायला सुरुवात केली. आत काय वाटतं ते लिहायचं नाही, बाहेर दिसतं तेच. जबडा आवळलाय : ३०. पाण्याची बाटली सकाळपासून भरलेलीच आहे : ३५. समोरचा बोललेलं दोनदा ऐकायला लागतंय : ४०. शब्द सुचत नाहीत, पेन कागद फाडतंय : ४५. त्याच्यावर ताट फेकणं.

पहिल्या काही पानांतच दिसलं की कुकरच्या शिट्टीचा ताट फेकण्याशी फारसा संबंध नव्हता. घरी पाऊल ठेवताना वहीत ४३ असायचे. शिट्टीनं वरचे दोन फूट भरले एवढंच. इतकी वर्षं दोघं नवरा-बायको संध्याकाळचं कारण घरातच शोधत होते, आणि ते सकाळच्या सौद्यात होतं. पत्नीनं ती पानं वाचली. "म्हणजे माझ्यामुळं नव्हतं," एवढंच म्हणाल्या आणि रडल्या. त्यांच्या डोक्यावर काय बसलं होतं ते त्या एका वाक्यात आलं.

दुकानात

नियम सोपा ठेवला. ४० ला थांबायचं, ४५ ची वाट बघायची नाही.

शेठना काय सांगायचं यावर बरीच चर्चा झाली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी नोकरीतल्या आरक्षणासारखे लाभ मिळतात. पण वाजवी सोयी देण्याचं बंधन कायद्यानं स्पष्टपणे घातलंय ते सरकारी आस्थापनांवर, अडत दुकानातल्या दिवाणजीला त्याचा हात फारसा लागत नाही. शिवाय यार्डात बातमी चहाच्या कपाबरोबर फिरते. दिवाणजींनी प्रमाणपत्र नको म्हटलं. ऑटिझम हा शब्दही शेठना सांगितला नाही. सांगितलं ते इतकंच : "मला आवाजाचा त्रास आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. आत बसवा, हिशोब चुकणार नाही."

काहींना हे लपवणं वाटेल. मला वाटत नाही. स्वतःला स्वीकारणं म्हणजे चौकात फलक लावणं नव्हे, आणि ज्याची नोकरी त्याच्यावर अवलंबून आहे त्याला शौर्य शिकवायचा अधिकार आपल्याला नाही.

शेठ जुन्या वळणाचे, पण हिशोबी. चुकलेल्या पट्ट्यांचं नुकसान त्यांना कळत होतं. दिवाणजी पुन्हा आतल्या पेढीत गेले, गल्ल्यावर शेठचा पुतण्या आला. वाढलेला पगार अर्धा परत गेला, ते दोघांनी मान्य केलं. सौद्याच्या दोन तासांत फोमचे इअरप्लग, आणि कापूस नाही, कारण कापसानं फार फरक पडत नाही. धुळीसाठी मास्क, करोनानंतर त्याला कुणी हसत नाही. निरोप तोंडी न देता व्हॉट्सअॅपवर. बैठकीत खिशातलं हळकुंड अंगठ्यानं घासत राहायची त्यांची जुनी सवय होती, पत्नी खिशाच्या पिवळ्या डागांवरून ओरडायच्या आणि ते दाबून ठेवायचे. ते हळकुंड परत खिशात गेलं. अशा हालचालींनी बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना शांत वाटतं, त्या बंद करायला लावणं म्हणजे वाफेची वाट बुजवणं. डागांचा प्रश्न पत्नीनं खिशाला आतून काळं कापड लावून सोडवला.

एक गोष्ट अनपेक्षित घडली. अथणीकडचे काही शेतकरी गल्ला सोडून थेट आत यायला लागले, कारण "आतले दिवाणजी गोड बोलत नाहीत, पण एक रुपया इकडचा तिकडं होत नाही." डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकानं २०१२ मध्ये मांडलं होतं की ऑटिस्टिक आणि इतर लोकांमधला गैरसमज दोन्हीकडून असतो, समजून घेण्यात उणीव एकाच बाजूची नसते. या शेतकऱ्यांनी मिल्टन वाचायची गरज नव्हती. सरळ उत्तर देणारा माणूस त्यांना हवाच होता.

घरात

घरचं इतकं सहज जमलं नाही. घरी आल्यावर अर्धा तास दिवे मंद, बोलणं नाही, असं ठरलं. तिसऱ्याच आठवड्यात पत्नीनं मला सरळ विचारलं, "त्यांना अर्धा तास. मग माझा अर्धा तास कुठं आहे?"

अशा प्रकरणांच्या लिखाणात हा प्रश्न बहुतेक गाळला जातो. बायकोनं समजून घ्यावं, असं गृहीत धरून पुढं जातात. दिवसभर शिवणयंत्रावर बसून, मूल आणि सासू सांभाळून तिच्याही पुलाखाली पाणी चढलेलं असतं. तडजोड अशी झाली : त्यांच्या अर्ध्या तासात आजी नातीला खाली घेऊन जातात. रात्री जेवणानंतरची भांडी आणि मुलीला झोपवणं दिवाणजींकडं, तेव्हा पत्नी गच्चीवर किंवा बहिणीशी फोनवर. मुलगी रडली तर कान झाकायचे हेडफोन घालून तिला उचलायचं. बाथरूमपेक्षा हे शंभर पटींनी बरं. मुलीला ते हेडफोन आवडले, आता तिला स्वतःचे हवेत. पत्नी म्हणतात की अजूनही आठवड्यातून एखाददा भांडण होतंच, फक्त ताट हातात नसतं.

स्वतःकडं बघणं

निदान झाल्यावर पहिल्यांदा आला तो राग. मास्तरांवर, वडिलांवर (ते हयात नाहीत), आधीच्या सगळ्या सल्ल्यांवर. मग काही आठवडे नुसती उदासी. "तेव्हा कळलं असतं तर" हे वाक्य सारखं. ते मी घाईनं पुसलं नाही. चाळिशीच्या उंबऱ्यावर आयुष्याचा हिशोब नव्यानं लिहावा लागणाऱ्या माणसाला तेवढी मुभा हवी.

नंतर त्यांनी स्वतःच एक यादी करून आणली. लहानपणापासून मिळालेल्या पदव्या : एककल्ली, माणूसघाणा, तिरसट, शिष्ट, बाईलवेडा (बायकोशिवाय कुठं जात नाही म्हणून), आळशी. प्रत्येकीपुढं प्रसंग, आणि त्यापुढं आजचं कारण. शिष्ट : मामाच्या घरी कुणाशी बोललो नाही, आदल्या रात्री प्रवासात झोप नव्हती, घरात बावीस माणसं. असं सहा पानं. "आळशी"पुढचा रकाना रिकामा होता. विचारलं तर म्हणाले, "हे खरंच आहे थोडं. भाजी आणायला जायचा मला कंटाळा येतो." आम्ही दोघंही हसलो. सगळ्याच खोडी ऑटिझमच्या खात्यावर टाकायच्या नाहीत, हे त्यांना मी सांगावं लागलं नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "मग मी आजारी की वेगळा?" मी म्हटलं, नैराश्य हा आजार, तो उतरतो. ऑटिझम उतरत नाही आणि त्याच्यावर औषधही नाही. गोळ्या चालू आहेत त्या नैराश्यासाठी. त्यांना हे उत्तर आवडलं, कारण त्यात दोन वेगळी खाती होती.

२०१८ मध्ये एली केज आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांचा अभ्यास केला, त्यात आपला स्वीकार झाला आहे असं वाटणं आणि नैराश्याची लक्षणं कमी असणं यांचा संबंध दिसला. त्यात बाहेरच्यांनी स्वीकारणं आलं तसं स्वतःनं स्वतःला स्वीकारणंही आलं. माझ्या अनुभवात या दोन्हींचा क्रम ठरलेला नसतो. दिवाणजींच्या बाबतीत आधी शेठनी खुर्ची आत हलवली, मग त्यांनी स्वतःला दोष देणं कमी केलं. आरशासमोर उभं राहून "मी आहे तसा चांगला आहे" म्हणायला लावलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कशाच्या आधारावर?

मे महिन्यातलं लग्न

धाकट्या भावाचं लग्न मिरज रस्त्यावरच्या कार्यालयात. बाहेर डॉल्बी, आत सनई, सहाशे माणसं. दिवाणजी थोरले, म्हणून आहेर घ्यायला उभे. वहीत सकाळी नऊला ३८, साडेअकराला ४४. ते नियमाप्रमाणं थांबले नाहीत, अक्षता पडेपर्यंत उभे राहिले. मग जेवणाच्या पंगतीत कुणीतरी पाठीवर थाप मारली आणि ते उठून चालत निघाले. दोन-तीन तासांनी हरिपूरला संगमावर सापडले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंडातून शब्द नाही. नातेवाइकांत व्हायची ती चर्चा झाली.

पुढच्या भेटीत मी काळजीत होतो. दिवाणजी वही घेऊन आले. "झोप चार तास. जेवण नाही. डॉल्बी ११ ते १२. ४४ ला निघायला पाहिजे होतं, भावासाठी थांबलो. परत तसंच झालं तर परत थांबेन, एकच भाऊ आहे. पण दुसऱ्या दिवशीची सुट्टी आधीच टाकेन." हाच माणूस असल्या प्रसंगानंतर पूर्वी महिनामहिना स्वतःला "नालायक" म्हणत असे. या वेळी त्या पानावर तो शब्द नव्हता. उपचाराला यश आलं की नाही असं कुणी विचारलं तर मी ते लग्न दाखवेन, त्यानंतरचे शांत आठवडे नाही.

सध्या

गणेशोत्सवात घरचा गणपती पाचव्या दिवशी लवकर कृष्णेवर पोचवला. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असते, हा नियम २००० सालापासून आहे आणि मिरवणुकीच्या रात्री तो कुठं जातो हे सगळ्यांना माहीत आहे. अनंत चतुर्दशीला दिवाणजी मुलीला घेऊन तासगाव तालुक्यात बहिणीच्या मळ्यात गेले. आईंना ते पटलं नाही. देवाचं काम सोडून पळाला, असं त्यांचं मत अजून आहे.

हिशोब परत बिनचूक झालाय. नैराश्याच्या गोळ्यांची मात्रा मानसोपचारतज्ज्ञांनी कमी केली, बंद केलेली नाही. भावाला निदान सांगितलेलं नाही, तो लग्नातल्या प्रकारावरून अजून धुमसतो आहे. सांगावं असं पत्नीला वाटतं, दिवाणजींना नाही. शेठ बेदाण्याचं दुसरं दुकान काढायचं म्हणतायत आणि दिवाणजींनी तिथं दोन दिवस बसावं अशी त्यांची इच्छा आहे. नवी हळद यायच्या आधी दोघंही पुन्हा येणार आहेत, आणि बेदाण्याच्या सौद्यात आवाज किती असतो ते दिवाणजी एकदा आधी जाऊन, वहीत लिहून आणणार आहेत.